तरंगती मयसभा आणि तिच्या पोटातील माणसे

कॅरिबियन समुद्रातील जलपर्यटनाची रंगीत माहितीपत्रके गुळगुळीत कागदावर छापलेली असतात. मध्यम आकाराच्या जहाजावर प्रवाशाने काय अपेक्षावे, याची यादी त्यांत तपशीलवार दिलेली असते. नव्वद हजार टनांच्या आसपासचे जहाज, दोन हजारांच्या घरात प्रवासी, दहा-बारा मजले, पोहण्याचे तलाव, नाट्यगृह, जुगारगृह, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालणारी पंगत आणि खोली दिवसातून दोनदा आवरून देणारा हसतमुख सेवक. मायामीहून निघावे, नासाऊ, कोझुमेल, जमैका अशी बंदरे पाहावीत आणि सातव्या दिवशी उन्हाने रापून परत यावे. पाच-सहा हजार प्रवासी कोंबणाऱ्या अजस्र जहाजांपेक्षा हे मध्यम जहाज अधिक 'घरगुती' असते, असेही आवर्जून सांगितले जाते.

मयासुराने पांडवांसाठी बांधलेल्या सभेत जमीन पाण्यासारखी आणि पाणी जमिनीसारखे भासत असे. दुर्योधन त्यात फसला, याचे वर्णन कथेकऱ्यांनी रंगवून केले. त्या सभेचे दगड कोणी वाहिले, हे मात्र कोणी विचारले नाही. या तरंगत्या मयसभेविषयी तोच प्रश्न विचारणे आज अगत्याचे झाले आहे. त्या दोन हजार प्रवाशांच्या दिमतीला सुमारे साडेआठशे ते नऊशे कामगार त्याच जहाजाच्या पोटात राहतात. माहितीपत्रकात त्यांचे हसणे असते, त्यांचे करारपत्र नसते.

निशाणाचे रहस्य

जहाजाच्या मागच्या टोकाला निशाण फडकत असते. ते बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा यांपैकी एखाद्या देशाचे असते. जहाजाचे मालक मात्र त्या देशात राहत नाहीत. या धंद्यावर तीन कंपन्यांची पकड आहे आणि तिघींचाही कारभार मायामी परिसरातून चालतो. कार्निव्हल कंपनीची नोंदणी अनेक वर्षे पनामाची, रॉयल कॅरिबियनची लायबेरियाची, नॉर्वेजियन कंपनीची बर्म्युडाची. तिकीट अमेरिकेत विकायचे, प्रवासी अमेरिकेत चढवायचे, नफा अमेरिकेतील भागबाजारात मोजायचा आणि जन्मदाखला तेवढा दुसऱ्या गावचा दाखवायचा, अशी ही रीत आहे.

या रीतीला कायद्याचे अधिष्ठान आहे. अमेरिकन करकायद्याच्या ८८३ व्या कलमान्वये, परदेशात नोंदलेल्या जहाज कंपनीच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या उत्पन्नावर अमेरिकेत आयकर बसत नाही. नोंदणीच्या देशाने अमेरिकन जहाजांना तशीच सवलत दिली की झाले. करासाठी परके, बाजारपेठेसाठी घरचे! ढोंगाचा हा बुरखा एकदाच त्यांच्या अंगाशी आला. २०२० च्या मार्चमध्ये महामारीने जहाजे बंद पडली आणि अमेरिकन सरकारने उद्योगांना मदतीचा कायदा केला, तेव्हा ती मदत अमेरिकेत स्थापन झालेल्या उद्योगांपुरतीच असल्यामुळे या कंपन्या बाहेर राहिल्या. परक्या नोंदणीचे फायदे ओरपणाऱ्यांना तिचा तोटा आयुष्यात बहुधा प्रथमच दिसला.

परके निशाण म्हणजे परका कामगार कायदा. अमेरिकेतील किमान वेतन आणि कामाचे तास या निशाणाच्या आड जहाजावर पोहोचत नाहीत. म्हणूनच आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ १९४८ पासून 'सोयीच्या निशाणां'विरुद्ध मोहीम चालवीत आला आहे. जहाज बंदरात असेतोवर जुगारगृह आणि करमुक्त दुकान सहसा बंद असते. किनाऱ्याजवळची सागरी हद्द सुटली की दोन्हीची दारे उघडतात. प्रवाशाला यात गंमत वाटते. परंतु कायदा किनाऱ्यावर सोडून देण्याचा हा सोहळा जुगारापुरता मर्यादित नाही.

एक्क्याण्णव तासांचा आठवडा

१८८६ हे साल कामगारवर्ग विसरू शकत नाही. त्या वर्षी शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले. त्याच वर्षी अमेरिकेने प्रवासी जहाजांचा कायदा केला. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेण्यास त्याने परकीय जहाजांना मनाई केली. आजही या जहाजांच्या मार्गात एखादे परके बंदर असावेच लागते, ते त्या कायद्यामुळे. म्हणजे १८८६ च्या त्या कायद्याचे पालन जहाजाच्या मार्गात काटेकोर होते. आठ तासांची मागणी मात्र धक्क्यावरच राहते.

सागरी कामगारांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून अंमलात आला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. कामगारांच्या दीर्घ लढ्याचे ते फळ आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मालकांच्या प्रतिनिधींनी त्यात एक फट राखून ठेवली. निशाणाच्या देशाने कामाच्या तासांची कमाल मर्यादा ठरवावी, म्हणजे आठवड्याला ७२ तास. किंवा विश्रांतीच्या तासांची किमान मर्यादा ठरवावी, म्हणजे आठवड्याला ७७ तास. आठवड्याचे तास १६८. त्यांतून विश्रांतीचे ७७ वजा केले की उरतात ९१. दुसरा पर्याय स्वीकारणाऱ्या निशाणाखाली रोज तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस राबवून घेणे कायदेशीर ठरते! करारपत्राची मुदत सहा ते नऊ-दहा महिन्यांची असते आणि त्या काळात साप्ताहिक सुट्टी नावाची गोष्ट नसते. मुदत संपली की घरी जायचे आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहायची.

वेतनाची तऱ्हा याहून न्यारी आहे. दर प्रवाशामागे दर दिवशी बक्षिशीची रक्कम बिलात आपोआप जोडली जाते. प्रवाशाला वाटते, आपण उदार झालो. कामगाराला वाटते, प्रवाशाच्या मर्जीवर आपली चूल पेटते. प्रत्यक्षात मालकाने स्वतःच्या खिशातून द्यावयाच्या मजुरीचा एक भाग गिऱ्हाइकाच्या खिशातून वसूल केलेला असतो. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच.

हे कामगार फिलिपाईन्स, इंडोनेशिया, भारत, होंडुरास अशा देशांतून येतात. गोव्यात ज्यांना 'तारवटी' म्हणतात, त्या खलाशांच्या कित्येक पिढ्यांनी मुंबईतील धोबी तलावच्या कुडांमध्ये चटया टाकून जहाजाची वाट पाहिली आहे. आज त्यांची मुलेनातवंडे या पर्यटन जहाजांच्या मुदपाकखान्यात आणि केबिनींत राबतात. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास आंतरराष्ट्रीय करार आणि भारतीय नियम दोन्ही मनाई करतात. तरीही बनावट दलालांपासून सावध राहण्याचे इशारे नौवहन खात्याला पुनःपुन्हा काढावे लागतात, हे वस्तुस्थिती सांगण्यास पुरेसे आहे. २०२० मध्ये प्रवासी उतरून आपापल्या घरी गेले. हजारो कामगार मात्र बंद जहाजांवर आठवडेच्या आठवडे अडकून पडले. त्यांना मायदेशी उतरू द्यावे म्हणून गोव्यातील कुटुंबांना सरकारदरबारी खेटे घालावे लागले.

३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज भारतीय मजुरांना घेऊन ट्रिनिदादला पोहोचले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवे होते आणि ते 'गिरमिटा'वर मिळाले. आजचा खलाशी गिरमिटिया नाही. तो विमानाने जातो आणि घरी पैसे पाठवितो. परंतु त्याच समुद्रात, मुदतीच्या करारावर, परक्या कायद्याखाली, माणसे आजही राबतात. पूर्वी ऊस पिकवायचा होता, आता फुरसत पिकवायची आहे, एवढाच फरक.

एका जहाजाची कुंडली

हा आरोप हवेतला आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी 'नॉर्वे' या जहाजाची कुंडली वाचावी. १९६० मध्ये 'फ्रान्स' नावाने ते समुद्रात उतरले. १९७९ मध्ये नॉर्वेजियन कंपनीने ते विकत घेतले आणि १९८० पासून मायामीहून कॅरिबियन फेऱ्यांना जुंपले. सुमारे दोन हजार प्रवासी नेणारे हे जहाज त्या काळी अवाढव्य मानले जाई. आजच्या मोजमापात ते मध्यम ठरते.

२५ मे २००३ रोजी मायामीच्या बंदरात त्याचा बॉयलर फुटला. आठजण मृत्यू पावले. आठही कामगार होते, त्यांतील बहुतेक फिलिपिनो. प्रवाशांपैकी एकही दगावला नाही. जहाजाच्या पोटात मृत्यूसुद्धा वर्ग पाहून येतो, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? बॉयलरच्या धातूला तडे गेले होते आणि देखभाल व तपासणी अपुरी होती, असा निष्कर्ष अमेरिकन तपास यंत्रणेने काढला. मृतांचे वारस आणि जखमी अमेरिकन न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्यापुढे करारपत्रातील लवादाचे कलम ठेवण्यात आले. अपील न्यायालयाने २००५ मध्ये ते कलम उचलून धरले आणि त्यांना फिलिपाईन्समधील लवादाकडे धाडले. स्फोट मायामीत, मालक मायामीचा, न्याय मात्र हजारो मैलांवर! २००८ मध्ये कंपनीने घोर निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला. दंड झाला दहा लाख डॉलर.

कुंडलीचा शेवट भारतात आहे. हे जहाज दुरुस्तीसाठी आशियात नेत असल्याचे सांगून २००५ मध्ये जर्मनीच्या बंदरातून ओढत बाहेर काढण्यात आले. दुरुस्ती झालीच नाही. 'ब्लू लेडी' असे नवे नाव लावून २००६ मध्ये ते गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर आले. त्याच्या भिंतींत हजार टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस असल्याचा अंदाज होता. पर्यावरणवाद्यांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी दाद मागितली. परंतु ११ सप्टेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोजगार आणि पोलाद यांचा दाखला देत जहाज तोडण्यास परवानगी दिली. ज्या नृत्यगृहात लक्षाधीश नाचले, त्याची भिंत ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांनी फोडली. मेजवानी एकाची, उष्टी काढायची दुसऱ्याने.

बेटे कोणाची?

सहलीचा शेवटचा दिवस पुष्कळदा कंपनीच्या 'खासगी' बेटावर घालवला जातो. बहामाच्या समुद्रात अशी बेटे कंपन्यांनी विकत वा भाड्याने घेतली आहेत. यामागील हिशेब सरळ आहे: नासाऊच्या बाजारात प्रवाशाने खर्च केलेला डॉलर तेथील दुकानदाराला मिळतो; कंपनीच्या बेटावर खर्च केलेला डॉलर कंपनीकडेच परततो.

हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील लाबादीचा किस्सा सर्वांत बोलका आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रॉयल कॅरिबियनने हा भूभाग भाड्याने घेतला आणि त्याला कुंपण घातले. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला आणि प्रेतांचे ढीग पडले. तीनच दिवसांनी त्या कुंपणाच्या आत पर्यटक पुन्हा पोहू लागले. जहाजाने मदतीचे सामानही उतरवले, हे खरे आहे. परंतु त्यामुळे कुंपण नाहीसे झाले नाही. हैती हे तेच राष्ट्र आहे, जेथील गुलामांनी १८०४ मध्ये स्वतःचे स्वातंत्र्य जिंकून घेतले. त्या अपराधाबद्दल फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून त्याच्यावर पंधरा कोटी फ्रँकची खंडणी लादली. गुलामाने स्वतःच्या मुक्ततेची किंमत मालकाला द्यायची, असा तो 'न्याय' होता. त्याच्या दारिद्र्याचे मूळ शोधण्यास तेथून आरंभ करावा लागतो.

ग्रेनाडाचा अनुभवही विसरण्याजोगा नाही. १९७९ मध्ये मॉरिस बिशपच्या नेतृत्वाखाली तेथे क्रांती झाली. १९८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकन फौजा उतरल्या आणि बेट 'मुक्त बाजारा'त परत आणले गेले. पुढे १९९० च्या दशकात पूर्व कॅरिबियनमधील छोट्या देशांनी कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी दर प्रवाशामागे दीड डॉलरची पट्टी ठरवली. जहाजे कचरा करतात, तर त्यांनी तो उचलण्याचा खर्च द्यावा, इतकी माफक ही अपेक्षा. कार्निव्हलने ग्रेनाडाला जहाजे नेणेच थांबवले. जेथे फौजा पाठविण्याची गरज उरत नाही, तेथे वेळापत्रकातून नाव खोडणे पुरते.

समुद्राची कथा निराळी नाही. 'कॅरिबियन प्रिन्सेस' या जहाजावरून छुप्या नळीने तेलकट पाणी समुद्रात सोडले जात असल्याचे २०१३ मध्ये एका नवख्या अभियंत्याने अधिकाऱ्यांच्या नजरेस आणले. २०१६ मध्ये प्रिन्सेस कंपनीने गुन्हा कबूल करून चार कोटी डॉलर दंड भरला. देखरेखीच्या अटी मोडल्याबद्दल २०१९ मध्ये तिची मालक कंपनी कार्निव्हल हिला आणखी दोन कोटी भरावे लागले. त्या आरोपांत बहामाच्या पाण्यात अन्नाबरोबर प्लॅस्टिक टाकल्याचाही समावेश होता. ज्या निळ्या पाण्याची चित्रे छापून तिकिटे विकायची, तेच पाणी गटार म्हणून वापरायचे!

'खुशीने जातात' हा युक्तिवाद

या सर्वांवर मालकांच्या भाटांचे एक ठरलेले उत्तर असते: खलाशी खुशीने जातात, गावात मिळेल त्याहून अधिक कमावतात, घर बांधतात, मुले शिकवतात. यातील एकही विधान खोटे नाही. परंतु कोकणात आणि गोव्यात जगता येईल असा रोजगार असता, तर वर्षातील नऊ महिने मुलांचे तोंड न पाहण्याची 'खुशी' किती जणांनी पत्करली असती? आणि अधिक कमावणारा कामगार कमी हक्कांचा का असावा? वेतन चांगले म्हणून तेरा तास रास्त, असा न्याय गिरणीत चालला नाही. तो जहाजावरही चालता कामा नये.

प्रवाशाने समुद्र पाहू नये, असे कोणी म्हणत नाही. फुरसत हा कामगाराचाही हक्क आहे. आठ तासांच्या लढ्यात तिचीही मागणी होती. आक्षेप आहे तो एकाची फुरसत दुसऱ्याच्या निद्रेतून कापून काढण्याला. म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. ज्या बंदरात प्रवासी चढतात तेथील कामगार कायदे जहाजालाही लागू व्हावेत. ७७ तासांच्या विश्रांतीची पळवाट बुजवून कामाच्या तासांचीच कमाल मर्यादा बंधनकारक व्हावी. अपघातग्रस्त खलाशाला मालकाच्या गावच्या न्यायालयाचे दार उघडे असावे. दलालांविरुद्ध भारत सरकारने इशाऱ्यांवर न थांबता खटले भरावेत. कोणतीही मागणी मोफत पदरात पडत नाही. गोव्याचा, मनिलाचा आणि जमैकाचा कामगार एका संघटनेत आला, तरच ती पदरात पडेल. एकाच जहाजाच्या पोटात ते आधीच एकत्र आहेत.

मध्यम आकाराच्या कॅरिबियन जहाजावर काय अपेक्षावे, या प्रश्नाचे खरे उत्तर त्या जहाजाच्या पाण्याखालच्या मजल्यावर आहे. सात दिवसांत प्रवासी तेथे एकदाही जात नाही. परंतु तेथील माणसे रोज वर येतात, मेज मांडतात, चादरी बदलतात आणि हसतात. ते हसणे करारातील अट आहे. ज्या दिवशी ते एकमुखाने हसायचे थांबतील, त्या दिवशी मयसभेतील कोणती जमीन खरी आणि कोणती आभासी, हे मालकांनाही कळून चुकेल.