आवाज येतो कुठून, जातो कुठे?

"हॅलो... माइक टेस्टिंग... अरे, मागून कोणीतरी वाढव रे!"

आकुर्डीतल्या आमच्या कॉन्फरन्स रूममधला प्रत्येक कार्यक्रम असाच सुरू होतो. आजवर आपण हसून सोडून दिलं. पण यंदा फायनल इयरच्या एका मित्राचा ऑनलाइन इंटरव्ह्यू तिथे होता. समोरच्या साहेबांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता. दहा मिनिटं वायरी हलवण्यात गेली. साहेब म्हणाले, "नंतर बघू." ते 'नंतर' अजून उगवलेलं नाही.

लगेच सगळे म्हणाले, "सिस्टिम भंगार आहे, नवीन घ्या." मला हे पटत नाही. मिक्सरवर आठ चॅनेल, पण एकावरही नाव नाही. लॅपटॉपमधून आलेला साहेबांचा आवाज मेन आउटपुटला जात होता आणि तेच आउटपुट परत लॅपटॉपला जोडलेलं! नवा मिक्सर आणला तरी हेच होणार. स्पीकरला माइक आणि लॅपटॉप दोन्ही द्या, लॅपटॉपला मात्र फक्त माइक. याला 'मिक्स-मायनस' म्हणतात. साध्या मिक्सरवरही जमतं: लॅपटॉपला ऑक्स सेंडमधून आवाज द्यायचा आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या चॅनेलचा ऑक्स शून्यावर ठेवायचा. स्पीकरमधून माइकमध्ये शिरणारा उरलासुरला एको सॉफ्टवेअर बघून घेतं.

आणखी दोन गोष्टी. माइकमधून येतात जेमतेम काही मिलीव्होल्ट. प्रोफेशनल लाइन लेव्हल असते सुमारे १.२३ व्होल्ट. लाइन माइकच्या इनपुटला खुपसली की आवाज फाटणारच. दुसरं, चालू माइक दुप्पट झाले की शिट्टी वाजण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. म्हणून जो बोलत नाही, त्याचा माइक बंद.

कुणी म्हणेल, हे काम ऑपरेटर काकांचं. मान्य! पण सगळं काकांच्याच डोक्यात असेल, तर काका रजेवर गेले की सिस्टिमही रजेवर. डेसिबलवर पेपरात मार्क मिळवणाऱ्या आपल्याला चिकटपट्टी आणि मार्कर परवडत नाही का? प्रत्येक इनपुट-आउटपुटला नाव आणि भिंतीवर एक नकाशा. एका दुपारचं काम आहे.

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आपल्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. रथाच्या पुढे-मागे इतक्या दिंड्या, पण प्रत्येकीचा नंबर आणि जागा ठरलेली. हजारो वारकऱ्यांना जे जमतं, ते आपल्याला आठ वायरींचं जमू नये?

येत्या शनिवारी मी चिकटपट्टी घेऊन जातोय. मार्कर तुम्ही आणा.