सीटी स्कॅन: चौथी पिढी हरली, तिसरी टिकली

१/५
यंत्रांचा इतिहास म्हणजे चढती शिडी, असा समज असतो. सीटी स्कॅनरच्या बाबतीत तो टिकत नाही.

२/५
१ ऑक्टोबर १९७१. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. बारीक किरणशलाका डोक्यावरून सरकत जाई, मग यंत्र एक अंश वळे, पुन्हा तेच. या फेऱ्यांना कित्येक मिनिटे लागत.

३/५
तिसऱ्या पिढीत क्ष-किरणांचा रुंद पंखा आणि समोरचे डिटेक्टर एकत्र फिरू लागले. चौथ्या पिढीत डिटेक्टरांचे पूर्ण कडे स्थिर राहिले, फिरे ती केवळ नळी. पण इतके डिटेक्टर खर्चिक होते आणि विखुरलेले किरण अडवणेही कठीण. आजची बहुतेक यंत्रे तिसऱ्या पिढीच्याच रचनेची आहेत.

४/५
१९८९ च्या सुमारास सर्पिल पद्धत आली. नळी अखंड फिरते, टेबल अखंड सरकते. छातीचे चित्रण एका श्वासात होते. तरी थांबत-थांबत छेद घेण्याची जुनी पद्धत संपली नाही. मेंदूसाठी ती अनेक ठिकाणी वापरतात. हृदयाचे ठोके संथ व नियमित असतील, तर तिच्यात रुग्णाला किरणांची मात्राही कमी मिळते.

५/५
म्हणून ‘मशीन किती स्लाइसचे?’ एवढा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या अवयवासाठी, कोणत्या पद्धतीने आणि किती मात्रेत, हे अधिक महत्त्वाचे. वाढत्या आकड्यालाच प्रगती मानणाऱ्या इतिहासलेखनानेही हे ध्यानात घ्यावे.