तापाचे नाव लिहा

पावसाळा लागला की गोव्यातील दवाखान्यांसमोर तापाच्या रुग्णांची रांग लागते आणि कागदावर ‘व्हायरल फीव्हर’ हे दोन शब्द उमटतात. रुग्ण चार दिवसांत हिंडूफिरू लागला, तर त्यात फारसे बिघडत नाही. परंतु त्याच घरातील वृद्ध आजी त्याच तापाने न्यूमोनिया होऊन दगावली आणि दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ एवढेच लिहिले गेले, तर इन्फ्लुएन्झाने एक बळी घेतला याची नोंद कोठेच राहत नाही. हृदयक्रिया तर मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते!

हा प्रकार नवा नव्हे. १९१८ साली शेजारच्या ब्रिटिश मुलखात इन्फ्लुएन्झाने हाहाकार केला, तेव्हा गावोगावच्या नोंदवह्यांत बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच सदराखाली गेले. अगोदरच्या वर्षांपेक्षा किती माणसे अधिक मेली, हे मोजून आकडा बांधण्याची पाळी आली. आरंभीचा सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. पुढे अभ्यासकांनी तो १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत नेला. लक्षावधी माणसांचे मरण नोंदवहीतून असे निसटले.

आज निदान अज्ञानाची सबब उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत इन्फ्लुएन्झाला तीन घरे दिली आहेत. ओळखलेला विषाणू पशुपक्ष्यांकडून आलेला वा महासाथीचा असल्यास ‘जे ०९’, हंगामी असल्यास ‘जे १०’. आणि रोग इन्फ्लुएन्झाच असा डॉक्टरांचा निर्णय आहे, पण विषाणू ओळखलेला नाही, तर ‘जे ११’. ‘जे १०’ आणि ‘जे ११’ मध्ये सोबत न्यूमोनिया होता काय, हे पुढच्या अंकावरून कळते. तपासणी परवडत नाही म्हणून रोगाचे नाव गाळण्याचे कारण नाही, तसेच पुराव्यावाचून विषाणूचे नाव ठोकून देण्याचेही नाही. २००९ च्या महासाथीचा विषाणू आता हंगामी म्हणूनच वावरतो. तरी कागदावर अजून नुसते ‘स्वाईन फ्लू’ लिहिले जाते आणि संकेतांक घालणाऱ्या कारकुनाने काय समजावयाचे ते समजावे! तो बिचारा लिहिलेले वाचू शकतो, डॉक्टरांच्या मनातले नव्हे.

मृत्यूच्या दाखल्यातही ओळींचा क्रम ठरलेला आहे. वर न्यूमोनिया, त्याखाली ज्यातून तो उद्भवला तो इन्फ्लुएन्झा, आणि जुना मधुमेह वा दमा दुसऱ्या भागात. गणना होते ती तळाच्या मूळ कारणाची. नुसता न्यूमोनिया लिहिला की मृत्यू दुसऱ्याच घरात जाऊन पडतो.

देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांच्या कारणाला वैद्यकीय दाखला होता. गोव्यात हे प्रमाण १०० टक्के होते. ज्या भूमीत १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण चालत आले, तिला हे शोभणारेच आहे. मात्र दाखला असणे वेगळे आणि त्यातून काही कळणे वेगळे. वृद्धांना, गरोदर स्त्रियांना लस सरकारी खर्चाने द्यावी अशी मागणी कोणी केली, तर खजिना पहिला प्रश्न विचारील, या रोगाने माणसे मरतात किती? उत्तर या दाखल्यांतूनच यावयाचे आहे.

डॉक्टरांवर कामाचा बोजा आहे, रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टराला अर्ज भरण्याची शिकवण क्वचितच मिळते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच दोष एकट्या त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १ ऑक्टोबर २०२३ पासून कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकास विनामूल्य देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले आहे. ती प्रत मागून घ्यावी, वाचावी आणि मूळ रोगाचे नाव दिसत नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. राज्याच्या सांख्यिकी संचालनालयानेही, किती दाखल्यांवर नुसते ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलेले आढळले, तो आकडा रुग्णालयवार दरवर्षी प्रसिद्ध करावा, अशी आमची मागणी आहे.