मोटारींच्या एसीतील जुना गॅस हवेत न सोडता परत गोळा करण्याची व्यवस्था उभारण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

प्रत माहिती व कार्यवाहीस्तव : मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणेची दुरुस्ती करताना निघणारे शीतक जमा करण्यासाठी केंद्रे, प्रशिक्षण व नोंदणीची सोय करण्याबाबत.

महोदय,

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील बंद नळ्यांतून जो पदार्थ फिरत राहतो, गाडीच्या आतील उष्णता शोषून वायुरूप होतो आणि पुढच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रवरूप होतो, त्याला शीतक म्हणतात. गॅरेजात त्याचे नाव नुसते ‘गॅस’ असे आहे. हा पदार्थ इंधनासारखा खर्च होत नाही, त्यामुळे तो कमी झाला असेल तर तो कोठून तरी गळालेला असतो. कंप्रेसर, कंडेन्सर किंवा कूलिंग कॉइल बदलायची झाली म्हणजे यंत्रणा उघडावी लागते आणि आत उरलेल्या गॅसचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. अनेक छोट्या गॅरेजांत त्याचे उत्तर ठरलेले आहे : सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन दाबायची आणि फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट पाहायची.

या आवाजाची किंमत हिशेबात मांडता येते. सध्या रस्त्यावर असलेल्या बहुतेक मोटारींत १३४ए हे शीतक असते. एखादा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांत किती पट उष्णता अडवून धरतो, हे सांगणाऱ्या आकड्याला तापमानवाढ क्षमता म्हणतात. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीत १३४ए साठी हा आकडा १,४३० धरलेला आहे. लहान मोटारीतील साधारण ५०० ग्रॅम गॅस सोडून देणे म्हणजे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे, म्हणजेच सुमारे ३१० लिटर पेट्रोल जाळण्याइतके आहे. जुन्या गाड्यांतील आर-१२ हे शीतक ओझोनच्या थरालाही मारक होते आणि त्याची तापमानवाढ क्षमता १०,९०० होती. १३४ए ओझोनला धक्का लावत नाही म्हणून त्याच्या जागी आले, आणि ‘नवा गॅस निरुपद्रवी आहे’ हा समज गॅरेजांत तेव्हापासून रुजला असावा.

कायद्याची स्थितीही या समजाला पोसणारी आहे. केंद्र शासनाचे २००० सालचे नियम ओझोनचा ऱ्हास करणाऱ्या पदार्थांसाठी लिहिले गेले होते, तापमान वाढवणाऱ्या शीतकांसाठी नव्हे. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून १३४ए ज्या गटात मोडते त्या गटातील वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०४७ पर्यंत टप्प्याटप्प्याने ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. परंतु ही बंधने वायूच्या उत्पादनाला व वापराला आहेत, गाडीत आधीच भरलेल्या गॅसचे दुरुस्तीच्या वेळी काय होते ते त्यातून आपोआप ठरत नाही. अमेरिकेत पर्यायी शीतकेही जाणूनबुजून हवेत सोडण्यास नोव्हेंबर १९९५ पासून बंदी आहे आणि मोटारींच्या एसीचे काम करणाऱ्या कारागिराला प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही.

तथापि या निवेदनाचा रोख कारागिरांवर नाही. गॅस ओढून घेऊन सिलिंडरमध्ये भरणारे रिकव्हरी मशीन विकत घेणे छोट्या गॅरेजला परवडत नाही. नवा गॅस भरल्याचे पैसे ग्राहक देतो, जुना काढून ठेवल्याचे कोणी देत नाही. आणि समजा एखाद्याने तो काढून ठेवलाच, तर भरलेला सिलिंडर घेऊन त्याने जायचे कोठे? जमा करण्याची जागा नसताना दंड लावला, तर जे आज उघड होते ते उद्या शटर ओढून होईल.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी संकलन केंद्रांची आहे. पुण्यातील नाना पेठ किंवा मुंबईतील कुर्ला यांसारख्या, सुटे भाग आणि मोटारदुरुस्तीचा व्यवसाय जेथे एकवटला आहे अशा ठिकाणी मंडळाने ही केंद्रे प्रथम सुरू करावीत, तेथून रिकव्हरी मशीन दिवसाच्या भाड्याने मिळावे आणि जमा केलेल्या गॅसचा वजनावर मोबदला मिळावा. या केंद्रांत गॅस ओळखणारे उपकरण असणे अत्यावश्यक आहे, कारण १३४ए ऐवजी स्वस्तातले ज्वलनशील हायड्रोकार्बन मिश्रण भरलेली एखादी गाडीही असू शकते आणि असा एक सिलिंडर चांगल्या साठ्यात रिकामा झाला तर सगळा साठा नासतो, शिवाय आगीचा धोका वेगळाच. नव्या मोटारींतील १२३४वायएफ हे शीतकही सौम्य ज्वलनशील असल्याने ते स्वतंत्र ठेवावे लागेल. शुद्ध गॅस तेल व ओलावा गाळून पुन्हा वापरता येतो. भेसळीचा गॅस मात्र उच्च तापमानाच्या भट्टीत नष्ट करण्यासाठीच पाठवावा लागेल, आणि तो खर्च गॅस उत्पादक व आयातदारांकडून वसूल व्हावा. सिलिंडर पुन्हा भरण्याजोगे असावेत व ते ८० टक्क्यांपेक्षा अधिक भरू नयेत. एकदाच वापरायच्या सिलिंडरात गॅस परत भरण्याचा प्रकार फुटण्याच्या भीतीने तत्काळ बंद व्हावा.

प्रशिक्षणासाठी नवा कायदा लागणार नाही. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम १७ मध्ये केंद्रीय मंडळाच्या सहकार्याने प्रशिक्षण आयोजित करणे हे राज्य मंडळाचे कार्य म्हणून दिलेलेच आहे. हे वर्ग मराठीत व हिंदीत, गॅरेजांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत व्हावेत, कारण दिवसाची मजुरी बुडवून कोणी येणार नाही.

ज्या सर्व्हिस सेंटरांना मंडळाची संमती घ्यावी लागते, त्यांच्या संमतिपत्रात गॅस परत काढण्याची अट घालावी आणि किती ग्रॅम काढला, किती भरला हे ग्राहकाच्या बिलावर लिहिणे बंधनकारक करावे. गाडीत कोणते शीतक किती ग्रॅम हवे याचे लेबल बहुधा बॉनेटखाली असतेच, त्यामुळे ही नोंद अवघड नाही. उलट गळती न शोधता दर उन्हाळ्यात ‘टॉप-अप’ करून घेणाऱ्या वाहनधारकाला आपला गॅस जातो कोठे, हे त्या बिलावरून कळू लागेल.

मोडीत निघालेल्या वाहनांबाबत परिवहन आयुक्तांनी नोंदणीकृत भंगार केंद्रांना गॅस काढल्याची नोंद ठेवण्यास सांगावे. नोंदणीबाह्य भंगार बाजारात नळी कापूनच काम सुरू होते, त्याची पाहणी मंडळाने स्वतंत्रपणे करावी.

एसीच्या कामांची गर्दी होळीच्या सुमारास सुरू होते. त्यापूर्वी किमान पुणे व मुंबई येथे प्रत्येकी एक केंद्र प्रायोगिक स्वरूपात सुरू करावे आणि त्याची रूपरेषा ठरवण्यासाठी कारागीर, गॅस विक्रेते व वाहनधारक यांच्या प्रतिनिधींना बैठकीस बोलवावे, तसेच बैठकीचा दिनांक लेखी कळवावा, अशी विनंती आहे.

निवेदनकर्ते,
पुणे व मुंबई परिसरातील मोटार एसी दुरुस्ती कारागीर आणि वाहनधारक