बँडचा तास गणिताला देऊ नका

२६ जानेवारी जवळ आली की शाळेच्या कपाटातून ड्रम बाहेर निघतात, सैल पडलेली पानं ताणली जातात, बिगुलांवरची धूळ झटकली जाते आणि आठ-दहा दिवसांत पथक उभं करायचा हुकूम सुटतो. झेंडावंदन आटोपलं की सगळं पुन्हा कपाटात जातं. जळगावातल्या मेहरूणसारख्या वस्तीतली शाळा असो की धुळ्याच्या एखाद्या गल्लीतली, बँडचं आणि एकूणच कलाशिक्षणाचं वर्ष बहुतेक ठिकाणी एवढंच असतं. बाकीच्या महिन्यांत संगीताचा किंवा चित्रकलेचा तास वेळापत्रकात छापलेला असतो आणि पोर्शन मागे पडला की तो गणिताला नाहीतर इंग्रजीला दिला जातो. यामागचा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कपाशीचा भाव पडलेला, केळीला करप्याने घेरलेलं, अशा घरातून पोर शाळेत येतं ते पुढे चार पैसे कमवावेत म्हणून. त्या आईबापांनी ‘ढोल बडवून पोट भरणार आहे का?’ असं विचारलं तर त्यांना अरसिक म्हणणं हा उद्धटपणा होईल. त्यांना उत्तर द्यायला हवं, आणि ते खरं असायला हवं.

कलेचे कैवारी बहुधा खरं उत्तर देत नाहीत. संगीताने बुद्धी तल्लख होते, गणितात मार्क वाढतात, असं ते सांगतात. १९९३ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोत्झार्टची रचना दहा मिनिटं ऐकल्यावर कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली आणि तो परिणाम पाव तासात ओसरला. त्यातून ‘मोत्झार्ट इफेक्ट’ नावाची जगभर पसरलेली समजूत तयार झाली. पुढे, २०२० साली, साला आणि गोबे या संशोधकांनी मुलांच्या संगीतशिक्षणावरचे ५४ अभ्यास, म्हणजे जवळजवळ सात हजार मुलांची माहिती, एकत्र तपासली. जिथे प्रयोग काटेकोर होता, तुलनेतल्या मुलांनाही दुसरं काही शिकवलं होतं, तिथे बुद्धी आणि अभ्यास यांवरचा परिणाम जवळपास शून्य निघाला. हा निष्कर्ष कलाशिक्षणाच्या विरोधकांना सापडण्याआधी आपणच मान्य करावा. दहावीच्या निकालात कलेचे वाढीव गुण मिळतात हीही मंडनाची कच्चीच बाजू. गुणांसाठी शिकलेली कला गुण मिळाले की सुटते. शिवाय गणितात मार्क वाढवण्यासाठी संगीत हवं असेल, तर तो तास सरळ गणितालाच देणं जास्त शहाणपणाचं, आणि मुख्याध्यापक नेमकं तेच करतात. म्हणजे या दाव्याने कैवाऱ्यांनीच विरोधकांच्या हाती कोलीत दिलं.

मग बँड मुलांना देतो काय? जवळ जाऊन पाहिल्यावरच ते कळतं. बिगुलाला झडपा नसतात, भोकंही नसतात. नळी तीच, श्वासही तोच. फक्त ओठांचा ताण बदलून जेमतेम पाच सूर काढायचे. ओठ किंचित सैल पडले तर वरचा सूर फाटतो आणि सगळ्या मैदानाला ऐकू जातो. बास ड्रमवरच्या मुलाने पहिला ठोका अर्धा क्षण उशिरा टाकला तर मागून चालणाऱ्या अख्ख्या रांगेचा पाय चुकतो. गणिताच्या पेपरातली चूक मुलाची एकट्याची असते, लाल शाईखाली झाकता येते. इथली चूक सगळ्यांची होते, तिथल्या तिथे होते, आणि थांबून खोडता येत नाही. चुकलेल्याला पुढच्या ठोक्याला सावरून घ्यावं लागतं आणि शेजारच्याने त्याला सांभाळून घ्यावं लागतं. स्वतःचं वाजवत असताना दुसऱ्याचं ऐकणं, सर्वांत जोरात वाजवायची ताकद असूनही हात आवरणं, झांजेच्या एका टोल्यासाठी सोळा मात्रा गप्प उभं राहणं: हे शाळेतला दुसरा कोणता विषय शिकवतो? सांघिक खेळ काही प्रमाणात शिकवतो, पण खेळात समोर हरवायला कोणीतरी लागतो. बँडमध्ये कोणालाही हरवायचं नसतं. एवढ्यासाठी आठवड्याचा एक तास राखून ठेवावा, इतकी या शिकण्याची स्वतःची किंमत आहे.

खान्देशात एक आक्षेप हमखास निघतो. कला उपजत असते, शाळेत शिकवून येत नाही. बहिणाबाई कोणत्या शाळेत गेल्या होत्या? बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आसोद्यात जन्मल्या, जळगावात नांदल्या, अक्षरओळख नसताना त्यांनी गाणी रचली, आणि ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली, हे खरंच आहे. पण शाळा नव्हती म्हणजे शिक्षण नव्हतं, हे खरं नाही. पहाटेचं जातं, शेतातली निंदणी, सणावारांची गाणी, यांमधून लय कानात भरली जात होती, आणि तिथे फक्त ऐकणारं कोणी नव्हतं, प्रत्येक बाई गात होती. ती शाळा गिरणीने बंद केली. तिची जागा मोबाइलने घेतली आहे, आणि मोबाइलवर गाणं ऐकता येतं, गाण्यात सामील होता येत नाही. प्रतिभा शिकवता येत नाही हे मान्य, पण ती रुजायला लागणारी भुई तयार करता येते. नारायण राजहंसांचा गळा उपजतच असेल, तरी त्यांनाही लहानपणी याच जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे बसून गाणं शिकावं लागलं, तेव्हा पुढचे बालगंधर्व घडले. जळगावच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. शहरातल्या शाळांना शिकवणारा मेहबूबखाँ मात्र आज कुठे आहे?

तो आहे, आणि याच गावात आहे. खान्देशातलं लग्न बँडशिवाय लागत नाही. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल-ताशा कानावर बसवून वाजवणारे शेकडो कलाकार लग्नसराईत रात्री-अपरात्री राबतात आणि पावसाळ्यात रिकामे बसतात. शाळा भरतात नेमक्या तेव्हाच. वहीगायनातले डफ वाजवणारे आहेत, सातपुड्याच्या बाजूला पावरी फुंकणारे आहेत. शाळेला त्यांची आठवण होत नाही, कारण ‘पोराला बँडवाला करायचंय का?’ या प्रश्नात पोटाच्या काळजीइतकीच जातीची आणि प्रतिष्ठेची अढी दडलेली आहे. ज्याच्या सुरावर आपण घोड्यापुढे नाचतो त्याला आपण गुरुजी म्हणायला तयार नाही. ही अढी मोडायची असेल तर त्याला शाळेच्या मस्टरवर आणलं पाहिजे. कायदाही आडवा येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे आणि अभ्यासेतर असे कप्पेच नाकारले. कागदावर सगळं आहे. तोकडं आणि बेभरवशाचं मानधन देऊन चांगला माणूस टिकत नाही, खरं दुखणं तिथे आहे. ‘शाळेचं छप्पर गळतंय आणि तुम्हाला बँड सुचतोय’ असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की वाद्यं एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालतात, फक्त पानं बदलावी लागतात. दरवर्षी खर्च लागतो तो शिकवणाऱ्याचा, आणि तो छपराच्या निधीतून जात नाही.

राहिला प्रश्न कार्यक्रमाचा. गॅदरिंगच्या तालमींत महिनाभर अभ्यास बुडतो अशी तक्रार शिक्षकही करतात. ती रास्त आहे, पण तिचं कारण वेगळं आहे. वर्षभर काही शिकवलेलं नसतं म्हणून डिसेंबरात घाई होते, आणि घाईत जमतं ते एकच: भाड्याचे स्पीकर, रेकॉर्डवरचं गाणं आणि त्यावर बसवलेला नाच. स्टेजवरची मुलं सजलेली असतात, पण आवाज त्यांचा नसतो. जूनपासून आठवड्याला एक तास टिकवला तर डिसेंबरात वेगळ्या तालमी लागणारच नाहीत, आणि मुलं स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या श्वासाने वाजवतील. ते बेताचं वाजलं तरी चालेल. पालकांनी समोर बसून ते ऐकणं हाही शिक्षणाचाच भाग आहे, कारण ऐकणारा नसेल तर वाजवणारा सावरून वाजवायला शिकत नाही. दरवर्षी विसर्जनाच्या मिरवणुका मेहरूणच्या तलावाकडे निघतात तेव्हा गावातली झाडून सगळी पोरं रस्त्यावर असतात. संगीत त्यांच्या वाट्याला येणारच आहे, शाळेने शिकवलं नाही तरी डीजेच्या भिंतीतून येईल. म्हणून मेहरूणच्याच नव्हे, जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने येत्या जूनच्या बैठकीत दोन ठराव करावेत. संगीताचा तास कोणत्याही विषयाला उसना द्यायचा नाही, आणि गावातल्या एका वाजवणाऱ्याला दहा महिन्यांच्या मानधनावर शिकवायला बोलवायचं.