लॉराच्या घरातलं सरकारी पीठ

शेतकरी बाईवर लिहायला बसलं की अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डरचा दाखला द्यायचा, अशी एक टूम निघाली आहे. नुकत्याच वाचलेल्या एका लेखानं तर कळस गाठला. लेखकमहाशयांचं म्हणणं एवढंच: लॉराच्या माणसांनी ओसाड माळरानावर, कुणापुढे हात न पसरता शेती उभी केली, घरातल्या बायका हसतमुखानं राबल्या, आणि आमच्या शेतकरणी मात्र अनुदान, कर्जमाफी, सातबाऱ्यावर नाव, हीच रड घेऊन बसतात. त्यांनी लॉराकडून धडा घ्यावा.

जरूर घ्यावा. पण त्याआधी महाशयांनी तिची ‘लिटल हाऊस’ची पुस्तकं बाजूला ठेवून तिचं आयुष्य वाचावं.

माळरान ओसाड नव्हतं. कॅन्ससमध्ये १८६९च्या सुमारास तिच्या वडिलांनी घर बांधलं ते ओसेज या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर. पुढे डाकोटात जमीन मिळाली ती १८६२च्या होमस्टेड कायद्यानं: १६० एकर, किरकोळ फी आणि पाच वर्षं राहून कसण्याची अट. ही सरकारी मदत नव्हे तर काय?

मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘कुणापुढे हात न पसरता’ या शब्दांची. १८७५ साली मिनेसोटात टोळधाडीनं इंगल्स कुटुंबाचं पीक फस्त केलं. वडील मजुरीच्या शोधात पायी पूर्वेकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, आपल्याजवळ काहीही उरलेलं नाही, असं सहीनिशी लिहून देऊन त्यांनी मदतीचं पीठ घेतलं. अर्ध्या मापाची दोन पिंपं. पुस्तकात टोळ आहेत, ही सही नाही. पुढच्या वर्षी लॉराचा धाकटा भाऊ नऊ महिन्यांचा होऊन वारला. मग आयोवातल्या बर ओक गावी सगळं कुटुंब एका हॉटेलात कामाला लागलं, आणि अखेर देणी थकल्यामुळे रातोरात ते गाव सोडावं लागलं. बर ओकचा हा सगळा काळ पुस्तकमालेतून गाळलेला आहे. लॉरानं १९३०च्या सुमारास लिहिलेल्या ‘पायोनियर गर्ल’ या आठवणींत तो होता, पण त्या छापून आल्या २०१४मध्ये.

आणि तो गाजलेला हिवाळा? १८८०-८१मध्ये डाकोटातल्या डी स्मेटला बर्फानं आगगाड्या बंद पडल्या आणि मे महिन्यापर्यंत गाव अडकलं. कोळसा संपला तेव्हा या माणसांनी वाळलेल्या गवताचे पिळे वळून चूल पेटती ठेवली. हात चिरेपर्यंत वळायचे आणि बघता बघता ते जळून जायचे. बियाण्याचा गहू कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं दळला. त्यांची चिवटाई मला मनापासून थोर वाटते. पण आगगाडी थांबताच ज्या गावाची उपासमार होते, ते गाव स्वतःच्या पायावर उभं होतं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्या रेल्वेच्या कामावरच वडिलांनी हिशेबनिसाची नोकरी केली होती. थोरली बहीण मेरी हिची दृष्टी गेल्यावर आयोवातल्या अंधशाळेत तिच्या शिक्षणाचा खर्च डाकोटाच्या सरकारनं उचलला. कपडेलत्ते आणि प्रवास घरच्यांकडे होता. त्याला लॉराच्या शिवणकामाचे आणि मास्तरकीचे पैसे लागले.

हा वाद जुनाच आहे. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांनाही ‘सरकारी दाण्यावर पोसलेल्या’ म्हणणारे लोक होते. त्यांच्या ताटात पडणारी लाल मिलो ज्वारी अमेरिकेतूनच आलेली होती, हे इथे सांगायलाच हवं. टोळानं खाल्लेल्या शेतकऱ्यानं पीठ घेतलं तर तो कणखर, आणि पावसानं मारलेल्या बाईनं मिलो घेतली तर ती लाचार. हा कुठला न्याय?

‘हसतमुखानं’ तर सोडूनच द्या. १८८५ला लग्न झालं. चार वर्षांत नवरा-बायकोला घटसर्प, तान्ह्या मुलाचा मृत्यू, घराची राख.

सातबारा मात्र सोडता येत नाही. होमस्टेड कायद्यात अविवाहित बाई किंवा विधवा स्वतःच्या नावावर जमीन मागू शकत होती. नवऱ्याच्या घरात नांदणारी बाई नाही. लॉरा तेवढीच राबली. मग नाव मागणं ही रड कशी?

लॉरा स्वतः सरकारी योजनांच्या विरोधात होती, हा लेखकमहाशयांचा हुकमी एक्का. खरं आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टच्या कारभाराची तिला चीड होती, मुलगी रोझला त्याहून जास्त, आणि पुस्तकं दोघींच्या हातून घडली. पण तिची मतं तिच्या पिठाचा हिशेब पुसू शकत नाहीत.

मला पटते ती नंतरची लॉरा. १८९४ला मिझुरीत मॅन्सफील्डला ४० एकरांवर नव्यानं सुरुवात करणारी, कोंबड्यांच्या जोरावर नाव कमावणारी, १९११पासून ‘मिझुरी रूरलिस्ट’मध्ये शेतकरणींसाठी लिहिणारी. १९१६च्या केंद्रीय कायद्यानं शेतकऱ्यांना कमी व्याजाचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा गावच्या कर्जसंस्थेची सचिव आणि खजिनदार तीच होती. सरकारी पैसा शेजाऱ्यांच्या शेतापर्यंत तिच्या हातून पोचला.

तेव्हा महाशयांनी तिचा दाखला खुशाल द्यावा. फक्त तो आपल्या गावच्या सोसायटीत द्यावा, जिथे कर्जाच्या अर्जावर बाईच्या सहीआधी अजून तिच्या नवऱ्याची सही मागतात.