‘हौदु’ म्हणण्यापूर्वी

आमच्या परिसरातील एका गावचा दूध घालणारा गृहस्थ मध्यंतरी एक कागद घेऊन आमच्याकडे आला. कागद न्यायालयाचा, मजकूर कन्नड, आणि प्रश्न एकच : ‘गुरुजी, मी भरले ते पैसे कशाचे?’ दंड भरून झाल्यावर विचारलेला हा प्रश्न! त्याची मोटारसायकल महामार्गावर मर्यादेपेक्षा अधिक वेगाने धावली, असा आरोप होता. आरोपातील तारीख आणि वेळ आम्ही वाचून दाखवली, तेव्हा तो चकितच झाला. त्या पहाटे त्याची म्हैस व्याली होती आणि गाडी गोठ्यापुढेच उभी होती. मग कोर्टात हे सांगितले का नाही? त्याचे उत्तर असे की, नावाचा पुकारा झाला, साहेबांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारले, त्यातला ‘तप्पु’ हा शब्द तेवढा कळला. तप्पु म्हणजे चूक. नोटीस चुकीची आहे का, असे साहेब विचारत आहेत, अशी त्याची समजूत झाली आणि तो मोठ्या आशेने ‘हौदु’ म्हणाला. प्रत्यक्षात विचारले होते, गुन्हा कबूल आहे का. कबुली नोंदली गेली आणि पाच मिनिटांत निकाल लागला.

या प्रकारात कोणी त्याला मुद्दाम फसवले, असे आम्ही म्हणणार नाही. दिवसाला शेकडो चलने निकाली काढायची म्हटल्यावर कोर्टाला घाई असते आणि समोरच्याने ‘हो’ म्हटले तर ते ‘हो’च धरले जाते. परंतु त्या एका शब्दाची किंमत दंडाच्या पावतीवर संपत नाही. कबुलीवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाचा रस्ता जवळजवळ बंद होतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमाखाली वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा सिद्ध झाला, तर परवाना जप्त होण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. निपाणी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात टेंपो आणि ट्रकवर पोट असणारी आमची किती तरी मुले आहेत. त्यांच्या दृष्टीने पहिली खोटी कबुली ही अर्धी भाकरी गमावण्यासारखीच आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे फार जुनी. वकिलाची फी दंडाहून जड, एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच, तेव्हा भरा आणि मोकळे व्हा, असा हिशेब गावोगाव केला जातो. सरकारही या हिशेबाला हातभार लावते. कर्नाटकात २०२३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थकलेल्या वाहतूक दंडावर निम्मी सूट दिली गेली आणि लोकांनी रांगा लावून पैसे भरले. ज्याची चूक खरोखर होती त्याला ही सूट लाभली, याबद्दल आमची तक्रार नाही. ज्याने चूक केलीच नाही, त्याला मात्र निम्मा दंड हाही पुरा अन्यायच आहे.

वकिलाशिवाय कोर्टात उभे राहता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. मोटार वाहन कायद्याचे २०८ वे कलम सांगते की, आरोपी वकिलामार्फत किंवा स्वतः हजर राहू शकतो, आणि ही गोष्ट समन्सवरच लिहिलेली असावी. त्याच समन्सवर गुन्हा कबूल करून पैसे पाठवण्याचाही पर्याय असतो. तो पर्याय आहे, हुकूम नव्हे. कागद आला की पहिली गोष्ट करावी ती ही : तो पुरता वाचून घ्यावा. घरात मराठी शाळेत जाणारे पोर असेल तर त्याला कन्नड वाचता येते, त्याच्याकडून वाचून घ्यावा. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक, कलम आणि उत्तर देण्याची मुदत, एवढे वहीत मराठीत उतरवावे. मुदतीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये, आपल्या कागदावर छापलेली मुदतच खरी मानावी. चलन कॅमेऱ्याचे असेल तर त्यासोबतचे छायाचित्र मागून पाहावे. आमच्या दूधवाल्याने ते अखेरपर्यंत पाहिलेच नव्हते. क्रमांकपट्टीवरचा तीन हा आठ वाचला गेला की दुसऱ्याचा दंड आपल्या दारात येतो.

वेगाच्या आरोपापुरत्या दोन तरतुदी तर प्रत्येक वाहनचालकाने पाठ कराव्यात अशा आहेत. एक, १८३ व्या कलमातच असे म्हटले आहे की, ‘गाडी वेगात होती असे मला वाटले’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यंत्राने केलेल्या मोजणीवर आधारलेले असले पाहिजे. म्हणजे रडारगन कोणती, तिची तपासणी केव्हा झाली, तिचे प्रमाणपत्र कोठे आहे, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. दुसरी, २०९ वे कलम. वेगाच्या गुन्ह्यात खटला होऊ शकेल अशी ताकीद जागच्या जागी दिलेली असावी, नाही तर चौदा दिवसांच्या आत चालकाला किंवा गाडीच्या नोंदणीकृत मालकाला लेखी सूचना दिलेली वा रजिस्टर टपालाने पाठवलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे. यांपैकी काहीच झाले नसेल, तर साधारणतः दोषी ठरवता येत नाही. अपवाद आहे तो तुमचे नाव-पत्ता प्रयत्न करूनही न मिळाल्याचा, किंवा तुमच्याच वागण्यामुळे सूचना पोचली नसल्याचा. तेव्हा टपालाचे पाकीट फेकू नये. त्यावरचा शिक्का हाच तुमचा साक्षीदार.

रस्त्यावर एखाद्या ठिकाणी नेहमीपेक्षा कमी वेगमर्यादा घालायची, तर ११२ व्या कलमाप्रमाणे तशी अधिसूचना काढावी लागते आणि योग्य जागी फलकही लावावा लागतो. फलक झाडाच्या फांदीआड गेला असेल, तर दुसऱ्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवावा. महिन्याने गेलात तर फांदी तोडलेली आढळेल!

आता भाषेकडे येऊ, कारण आमचा मूळ मुद्दा तोच आहे. खालच्या कोर्टाची भाषा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे आणि इथे ती कन्नड आहे. हे आम्हाला आवडो न आवडो, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोर्टाची तारीख थांबणार नाही. पण त्याच कायद्याने आरोपीच्या हातात एक हत्यार दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३१४ व्या कलमानुसार, आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती भर कोर्टात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली गेली पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही २७९ व्या कलमात ही तरतूद होती. ही मेहेरबानी नव्हे, कोर्टाचे ते कर्तव्य आहे. मात्र ‘मला समजत नाही’ हे आपण तोंडाने म्हटले पाहिजे. मान डोलावणाऱ्याला समजले असेच धरले जाते, आणि आपल्या माणसाला मोठ्या साहेबापुढे मान डोलावण्याची सवय फार. पुकारा झाल्यावर पहिले वाक्य हेच असावे : ‘साहेब, मला कन्नड नीट समजत नाही, आरोप मराठीत सांगावा.’ त्यानंतरच उत्तर द्यावे, आणि गुन्हा कबूल नसेल तर ‘कबूल नाही’ एवढेच, स्पष्ट शब्दांत. हकिगत सांगण्याची पाळी नंतर येते.

अक्कलकोट किंवा जत तालुक्यातल्या कन्नड भाषक ट्रकवाल्याला महाराष्ट्रातल्या कोर्टात नेमके हेच कलम उपयोगी पडते, हेही सांगून ठेवतो. आमच्या मागणीत त्याच्या वाट्याचे काही काढून घेण्याचा प्रश्नच येत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, कोर्टातला लेखी अर्जही मराठीतच द्यायचा, घेत नसतील तर बाहेर पडायचे. आम्हाला हे पटत नाही. बाहेर पडलात की तुमच्या गैरहजेरीत वॉरंट निघेल आणि त्याने मराठीचे काही भले होणार नाही. कोर्टातला अर्ज कन्नडमध्ये किंवा चालत असल्यास इंग्रजीत लिहून घ्यावा, बोलणे मराठीत करावे. पोलीस खात्याकडे किंवा आरटीओकडे तक्रार करायची असेल तेव्हा मात्र मराठीचा आग्रह अवश्य धरावा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार दिला आहे. क्रमांकपट्टीवर देवनागरी आकडे रंगवून दंड झाला की भाषेवर घाला पडल्याची ओरड होते, तीही आम्हाला मान्य नाही. पट्टीवरील अक्षरे-आकडे कसे असावेत याचा नियम देशभर एकच आहे आणि कन्नड आकड्यांनाही तो तसाच लागतो. लढायचे तर जिथे हक्क आहे तिथे लढावे.

आणि तो हक्क प्रशासनाकडेही मागायचा आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा ते वीस टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनात नमूद आहे. बेळगाव तालुक्यातल्या कित्येक गावांत मराठी माणसाचे प्रमाण याच्या कितीतरी पुढे आहे. तिथे दंडाच्या नोटिशीवर चार ओळी मराठीत छापायला कोणाची हरकत असावी? पैसे मागताना समोरच्याला कळेल अशा भाषेत मागावेत, एवढी साधी अपेक्षा आहे.

दूधवाल्याचे पैसे गेले ते गेले. परंतु त्याच गाडीच्या क्रमांकावर आता दुसरी नोटीस आली आहे, ठिकाण तेच, महामार्गावरचे. या वेळी त्याने पाकीट जपून ठेवले आहे, पाठवल्याच्या शिक्क्याची तारीख घटनेनंतर पाच आठवड्यांची आहे. छायाचित्राची मागणी करणारा अर्ज त्याच्या आठवीतल्या मुलीने कन्नडमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिला, आम्ही फक्त कलमांचे आकडे तपासले. ‘मला कन्नड नीट समजत नाही, आरोप मराठीत सांगावा’ हे वाक्य तो रोज दुधाच्या फेरीत म्हणून पाहतो, असे ती सांगत होती. तारीख पुढच्या सोमवारी आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात समितीचे दोघेजण त्याच्यासोबत असतील. आत बोलणार तो स्वतः.